रस्त्यानं चाललेला माणूस

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नवरा टायपिंगचा क्लास चालवायचा, लोक त्याला मास्तर म्हणायचे, म्हणून ओघानं त्या मास्तरीणबाई झाल्या. त्यांचा स्वतःचा धंदा दातांचा. डेंटिस्टकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा आणि तयार झालेली कवळी मोटरवर घासून गुळगुळीत करायची. साठी उलटली तरी त्या रोज लॅबमध्ये जात. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं आहे, असं त्या म्हणत, आणि त्यात फारशी थाप नव्हती.

एका दुपारी लॅबच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. गालावर हात होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं हिची दाढ दुखतेय आणि ही चुकून इकडे आली. पण तिची तशी सवयच होती. ती नाटकं बसवायची. तळघराच्या आगीवर नाटक करतेय, म्हणाली. तीस वर्षं होऊन गेली, आता त्या माणसांविषयी कुणीतरी बोललं पाहिजे. नाटकात मास्तरांचं काम आहे, नाटकाचा कणाच तो आहे, तेव्हा काकूंची परवानगी हवी आणि काकूंनी एकदा तालमीला यावं.

बाईंच्या हातात मेण कापायची सुरी होती. ती त्यांनी दिव्यावर जरा जास्तच वेळ धरली.

"परवानगी कसली मागतेस?" त्या म्हणाल्या. "पेपरात छापून आलेली गोष्ट ती. सगळ्या गावाची झाली."

पण पत्ता मात्र त्यांनी लिहून घेतला.

पेपरात छापून आलेली गोष्ट अशी होती. फर्निचरच्या गोदामाखाली एक तळघर होतं. दर शनिवारी संध्याकाळी तिथं गाणी लावून नाच चालायचा, आणि तिथं पुरुष पुरुषांबरोबर नाचायचे. गावाला ते ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं, जसं गावाला बरंच काही असतं. फुकटे आत शिरू नयेत म्हणून मालकानं मागचं दार बाहेरून साखळी घालून ठेवलं होतं. एका शनिवारी जिन्याजवळच्या वायरिंगनं पेट घेतला, वरचं लाकूड पेटलं, आणि पुढचा रस्ता बंद झाला. जे वाचले ते एका अरुंद झरोक्यातून. बाकीचे साखळी घातलेल्या दारापाशी सापडले.

दुसऱ्या दिवशी गावात दुःखापेक्षा कुजबुज मोठी होती. कित्येक घरांनी आपला माणूस परगावी गेलाय असं सांगितलं आणि मग तो परत आलाच नाही. काहींना न्यायलाही कुणी गेलं नाही. मास्तरांच्या दारात पेपरचा बातमीदार आला तेव्हा बाई आत पोरीला घेऊन बसल्या होत्या. सासरे बाहेर गेले. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, शब्द तोलून खर्च करणारा. ते म्हणाले, "तो रस्त्यानं चालला होता. ओरडा ऐकून आत गेला."

एवढंच. पण त्या एका वाक्याला पाय फुटले. पेपरात मथळा आला. अग्निशमन दलानं शौर्यपदक दिलं. शाळेनं मास्तरांच्या नावानं धैर्याचं बक्षीस सुरू केलं. त्या आगीत मेलेल्यांपैकी एकाच माणसाचा फोटो गावानं भिंतीवर लावला, आणि तो मास्तरांचा. सासरे त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण घरी लावलेल्या त्याच फोटोखालच्या खुर्चीत कधी बसले नाहीत. सुनेशी त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. सूनही बोलली नाही. घराची झाकली मूठ दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवली होती.

कारण बाईंना खरं ठाऊक होतं, आणि आगीच्या कितीतरी आधीपासून. मुलगी रांगायला लागली होती त्या वर्षी मास्तरांनीच सांगितलं होतं. दोघं मिळून चादरीची घडी घालत होते. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन बाईंच्या. ते म्हणाले की, मला पुरुष आवडतात, लग्नाआधीही आवडायचे. सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. बाईंनी एकच विचारलं, "मग आता मला सोडणार?" मास्तर म्हणाले, "तू सोडणार नसशील तर नाही." बाईंनी त्यांच्या हातातली टोकं हिसकून घेतली आणि घडी एकटीनं घातली. राग निवायला वर्ष गेलं. त्यानंतर मात्र त्या दोघांचं असं काही जमलं की शेजारणींना हेवा वाटावा. भाजी कोण आणणार यावर भांडायचे, एकमेकांची नक्कल करायचे, पोरीच्या तापात आळीपाळीनं जागायचे. शनिवारची संध्याकाळ मास्तरांची. त्या दिवशी ते शर्टाला स्वतः इस्त्री करत, आणि बाई कुठे म्हणून विचारत नसत.

तालमी एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत चालायच्या. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून तळघर आखलं होतं. इथं जिना, इथं खांब, इथं मागचं दार, इथं झरोका. बाई गेल्या तेव्हा मंडळी चहा पीत होती. दिग्दर्शिकेनं त्यांना खुर्ची दिली. शेजारच्या खुर्चीत साधारण पंचावन्नचा एक किडकिडीत माणूस बसला होता. लोकरीची टोपी पार कानांखाली ओढलेली. सगळे त्याला टोपीच म्हणत आणि तो ओ देई. झरोक्यातून वाचलेल्यांपैकी आता गावात तो एकटाच उरला होता. नाटकातली बारीकसारीक माहिती त्याच्याकडून आली होती. दिग्दर्शिकेनं "या मास्तरांच्या मिसेस" म्हटल्यावर तो उठून उभा राहिला, आणि मग बसायचं विसरला.

प्रवेश सुरू झाला. पोरं नाचत होती, हसत होती, एकमेकांच्या कॉलरी नीट करत होती. मग दिवे गेले, आरडाओरडा झाला, सगळी खांबाभोवती गोळा होऊन खाली बसली. आणि उजवीकडून, म्हणजे रस्त्यावरून, मास्तर धावत आले. ते काम करणारा दिवसा बँकेत कॅशियर होता, अंगानं भरलेला, आवाजाचा खणखणीत. "घाबरू नका! मी आलोय!" असं ओरडून तो एकेकाला उचलून झरोक्याकडे नेऊ लागला.

मास्तरांनी आयुष्यात आवाज चढवला नव्हता. क्लासात पोरं दंगा करू लागली तर ते नुसती पेन्सिल टेबलावर आपटत. बाईंनी शेजारी पाहिलं. टोपी जमिनीवरच्या पट्टीकडे बघत होता.

"कसं वाटलं, काकू?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"आवाज जरा कमी कर म्हणावं," बाई म्हणाल्या. "ते हळू बोलायचे."

मुलीनं आनंदानं ते टिपून घेतलं. बाईंना स्वतःची लाज वाटली. मग निघताना, नाचणाऱ्यांमधला एक पोरगेला नट त्यांना दारापर्यंत सोडायला आला. बिस्कीट खात, सहज बोलावं तसं म्हणाला, "काकू, तुमचे मास्तर होते म्हणून बरं. नाहीतर आमच्या माणसांसाठी त्या दिवशी अख्ख्या गावातून एकही जण धावला नाही, असंच झालं असतं."

तो 'आमच्या' म्हणाला होता. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कोवळा चेहरा, डोळ्यांत खरोखरची कृतज्ञता. त्यांनी त्याच्या ओठावरचा बिस्किटाचा कण झटकला आणि त्या चालू लागल्या.

त्याचं ते वाक्य काही केल्या त्यांच्या पचनी पडेना. मास्तरांवर शौर्य लादलं गेलं, तेवढं त्या गिळून बसल्या होत्या. मेल्या माणसाला पदकाचं ओझं होत नाही. पण आता त्यांना दिसत होतं की ते ओझं दुसऱ्यांच्या डोक्यावर होतं. त्या तळघरातल्या सगळ्यांना नाटकात एकच काम उरलं होतं, रडायचं. म्हणजे एका घरंदाज, बायकामुलं असलेल्या, बाहेरच्या माणसाला त्यांना वाचवता यावं. जो त्यांचाच होता त्याला त्यांच्यातून उपटून त्यांच्याच डोक्यावर उभा केला होता.

टोपीचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. दोन दिवसांनी बाई एक ब्लँकेट घेऊन तिथं गेल्या. दुकानात वाफेचा आणि साबणाचा वास, वर दांडीला प्लॅस्टिकमध्ये लटकलेले कोट. त्यानं ब्लँकेट उलटंपालटं करून पाहिलं. स्वच्छ होतं. तरी तो पावती फाडू लागला.

"तुम्ही ओळखत होता त्यांना," बाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"रस्त्यानं चाललेल्या माणसाला."

टोपीनं पेन खाली ठेवलं. दारावरची 'उघडे' पाटी फिरवली, इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा, वहिनी," तो म्हणाला.

वहिनी. सासरी मास्तर एकुलते एक, त्यामुळे बाईंना त्या नात्यानं हाक मारणारं कधी कुणी नव्हतंच. त्या बसल्या.

मग टोपी बोलत राहिला. मास्तर दर शनिवारी यायचे. खांबाजवळची जागा त्यांची. एवढा जड माणूस, पण नाचायला लागला की पायाखाली जमीन आहे की नाही असं वाटायचं. घाम इतका यायचा की तीन-तीन रुमाल लागायचे. नव्यानं येणारं पोरगं बावरून दाराशी उभं राहिलं की मास्तर जाऊन त्याला टायपिंगच्या परीक्षेचं विचारायचे, म्हणजे त्याला काहीतरी उत्तर देता येई. टोपी स्वतः तसाच आला होता, विशीत. आणि घरचं बोलायचे मास्तर. म्हणायचे, माझी बायको दात करते, त्यामुळे तिच्यापुढे खोटं हसून चालत नाही.

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना डोळ्याला पदर लावावा लागला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की शनिवारी आपण मास्तरांच्या हिशेबात नसतो.

"त्यांचं कुणी होतं का तिथं?" त्यांनी विचारलं.

होतं. बेकरीत भट्टीवर काम करणारा एक अबोल माणूस. तोही गेला. त्याला न्यायला त्याच्या घरून कुणी आलं नाही. मास्तर रविवारी सकाळी गरम पाव घेऊन यायचे, ते बाईंना आठवलं. तो पाव त्या तिघांनी, सासऱ्यांसकट चौघांनी, वर्षानुवर्षं चवीनं खाल्ला होता.

मग टोपी आगीबद्दल बोलू लागला.

"धूर झाला तेव्हा मी झरोक्याखाली होतो. मास्तर माझ्याजवळ होते. झरोका उंच. मी त्यांच्या खांद्यावर पाय देऊन चढलो. आता वहिनी, त्यांनी खांदा दिला की मीच त्यांना खाली दाबून चढलो, हे मला सांगता येत नाही. किती आठवून पाहिलं. कधी आठवतं की त्यांनी माझा पाय धरून वर ढकलला. कधी आठवतं की ते स्वतः चढायला बघत होते आणि मी... दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की ते लोकांना वाचवायला आत गेले होते. मी म्हटलं, असू दे. ते वाचवणारे ठरले तर मी वाचवलेला ठरतो. तुमच्या घरच्या त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं झोपलोय."

रस्त्यावरून एक गाडी गेली, काच थरथरली.

"ते जाड होते," बाई म्हणाल्या. "त्या झरोक्यातून निघाले असते का?"

"नसते निघाले."

"मग तुम्ही चढलात ते बरं केलंत."

टोपीनं टोपी काढली. एका बाजूला कान असा नव्हताच. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. बाई निघाल्या तेव्हा म्हणाला, "माझं काही नाही. मेलं कोंबडं आगीला भीत नाही. सांगा खुशाल. पण तुमच्या मुलीला आधी सांगा."

लेक पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बापाच्या नावाचं बक्षीस शाळेत दरवर्षी तीच द्यायची आणि भाषणही तीच करायची. शाळकरी असल्यापासून करत होती. आधी पाठ करून, पुढे न बघता. बाई रविवारी सकाळी गेल्या. जावई बाहेर गेला होता. लेक ओट्याशी उभी राहून कपाट आवरत होती, आणि बाईंनी कुठलीही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. चादरीपासून झरोक्यापर्यंत. आपल्याला भीती वाटली तर आपण मध्येच थांबू, हे त्या ओळखून होत्या.

लेकीनं डबे तसेच ठेवले. बाप तसा होता म्हणून ती चिडेल, असं बाईंना वाटलं होतं. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

"दरवर्षी मी बोलायचे," ती म्हणाली. "माझे बाबा रस्त्यानं चालले होते, त्यांना हाक ऐकू आली. सातवीत असताना तर मी रडले होते बोलताना. तू पहिल्या रांगेत बसायचीस, आई. तुला माहीत होतं, आणि तू टाळ्या वाजवायचीस."

"हो."

"का?"

"तू रडत होतीस म्हणून," बाई म्हणाल्या. उत्तर खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, हे दोघींनाही कळलं. लेक म्हणाली, मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये. बाई उठल्या. लेकीनं त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं, बटण दाबलं, पण लिफ्ट येईपर्यंत तोंड फिरवून उभी राहिली.

पुढच्या तालमीला बाईंनी सगळ्यांना बसवून घेतलं. टोपी शेजारी होता. सगळं सांगून झालं तेव्हा छताच्या पत्र्यावर चालणाऱ्या पक्ष्याची नखं ऐकू आली. दिग्दर्शिका गालावर हात ठेवून जमिनीवर बसली. नाटक उभं करायला तिला वर्ष लागलं होतं आणि आता कणाच निघाला होता. ती म्हणाली, "काकू, नाटकात मी हे घेतलं तर तुमच्या घरावर लोक बोट दाखवतील."

"दाखवू देत. बोटांना थोडेच दात असतात?"

कॅशियर मात्र उठला, बॅग उचलून निघून गेला. त्याचं म्हणणं त्यानं दारातच सांगितलं. वाचवणारा माणूस करतोय म्हणून मी सासुरवाडीला तिकिटं दिलीत, आता हे काय करू? त्याला कुणी अडवलं नाही. दोन तालमी तो आला नाही. तिसरीला आला, कुणाला काही स्पष्टीकरण दिलं नाही, बूट काढून ठेवले आणि टोपीला म्हणाला, "ते नाचायचे कसे, दाखवा." टोपीनं आढेवेढे घेतले, गुडघे दुखतात म्हणाला, आणि मग दाखवलं. पहिल्यांदा कॅशियर सगळ्या पोरांच्या पायांवर पाय देत सुटला. मंडळी पोट धरून हसली. त्या नाटकाच्या तालमीत हसू यायचे प्रसंग फार नव्हते, त्यामुळे तो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

नवीन संहितेत मास्तर पहिल्यापासून तळघरात होते. नाचत होते, घाम पुसत होते, बावरलेल्या पोराला टायपिंगचा वेग विचारत होते. आगीच्या प्रवेशात कुणी कुणाला वाचवत नव्हतं. झरोक्याखाली दोन माणसं होती आणि अंधार होत होता, त्यातला एक वर गेला. कसा गेला ते दिसत नव्हतं. टोपीनंच तसं मागितलं होतं. म्हणाला, मला माहीत नाही ते तुम्ही ठरवू नका.

दरम्यान बाई पदक घेऊन अग्निशमन दलाच्या कचेरीत गेल्या. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो गोंधळून गेला. पदक द्यायची पद्धत होती, परत घ्यायची सोय नव्हती. त्यानं साहेबांना विचारलं. साहेब बाहेर आले, म्हातारे होत आलेले. आग लागली तेव्हा ते नव्यानं नोकरीला लागलेले होते आणि साखळी त्यांनीच तोडली होती. त्यांनी पदक हातात घेतलं, परत बाईंच्या हातात ठेवलं. "तिथं जे होते त्या सगळ्यांनी काही ना काही केलंच होतं," ते म्हणाले. "दारापाशी आम्हाला जे सापडले ते एकमेकांना धरून होते. ठेवा तुम्ही." बाईंनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. बातमी गावात पसरली तशी शाळेनं त्या वर्षी बक्षीस समारंभ 'काही अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं जिन्यात बाईंशी बोलणं बंद केलं. लॅबमध्ये मात्र कुणी काही म्हणालं नाही. फक्त शेजारच्या टेबलावरची सहकारी आठवडाभर बाईंचाही चहा करून आणत होती, न विचारता.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह अर्धं भरलं होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या नाहीत, मधे कुठंतरी बसल्या. शेजारची खुर्ची त्यांनी लेकीसाठी धरली होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. नाटकाच्या शेवटी नट ओळीनं उभे राहून आगीत गेलेल्यांची नावं घेत. आधीच्या संहितेत मास्तरांचं नाव सगळ्यांच्या नंतर, थोडं थांबून, वेगळं यायचं. आता ते मधेच आलं. त्याच्या आधी एका शिंप्याचं, नंतर भट्टीवरच्या माणसाचं. कॅशियरनं ते हळू आवाजात घेतलं. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. बाईंनी वळून पाहिलं नाही, पण कुठल्यातरी बंद घरातून आज एक माणूस इथवर आलाय, हे त्यांना कळलं. टोपी विंगेत उभा होता. प्रयोग संपल्यावर बाई आणि तो बराच वेळ रिकाम्या रंगमंचावर खुर्च्या उचलायला मदत करत राहिले.

नाटकाचे प्रयोग पुढे होत राहिले, कधी गर्दीत, कधी तुरळक. बाई प्रत्येकाला जात नव्हत्या. एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला गेल्या आणि मध्यंतरात त्यांना दिसलं की शेवटच्या रांगेत, खांबाआड, लेक बसली आहे. तिनं स्वतः तिकीट काढलं होतं. बाई तिच्याकडे गेल्या नाहीत. दुसऱ्या अंकात त्यांना समोरचं काही धड दिसलं नाही.

सुटल्यावर लेक बाहेर पायरीवर थांबली होती. नाक लाल झालेलं.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"सांगून ठेवते. जाणार नाही तो लवकर."

"बरं."

दोघी बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागल्या. थोडं अंतर गेल्यावर लेकच बोलली. "ते भाषणातले बाबा होते ना, ते मला कधी जवळचे वाटलेच नाहीत. फार मोठे होते गं. मला परीक्षेत कमी मार्क पडले की वाटायचं, त्यांना काय वाटलं असतं. हा माणूस," तिनं मागे नाट्यगृहाकडे मान वळवली, "हा तर घामाघूम होतो."

"व्हायचेच ते. भाजी आणायला गेले तरी शर्ट भिजवून यायचे."

"आणि असं नाचायचे?"

"ते मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "मी कधी पाहिलं नाही. टोपीला विचार, तो सांगेल."

लेकीनं मान हलवली. बस यायला वेळ होता. स्टॉपवरच्या बाकावर दोघी बसल्या, आणि लेक एकेक विचारत गेली. त्यांना कुठली गाणी आवडायची, त्यांना राग आला की ते काय करायचे, तुम्ही भांडायचात कशावरून, तुला एकटं नाही वाटलं का. बाईंना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. जे माहीत नव्हतं तिथं नाही माहीत म्हणाल्या. शेवटच्या प्रश्नावर म्हणाल्या, "ते असताना नाही वाटलं. नंतर वाटलं. सगळं गाव मला त्यांच्याबद्दल सांगायला यायचं, आणि ज्याच्याबद्दल सांगायचे त्या माणसाला मी ओळखत नव्हते."

बस आली. लेकीनं आधी त्यांना चढू दिलं, मग आपण चढली, आणि समोर दोन वेगवेगळ्या जागा रिकाम्या असताना मागे जाऊन जोडीची जागा शोधली.